पाणी सोडताना

संघ सोडण्याचा अर्ज. कागद एकच.
तिनं तो सोयासॉसच्या बाटलीखाली सरकवला
आणि भात दोनदा घेऊन जेवली,
जणू विजेचं बिल ठेवलंय.

नाव: मिझुहो ताकेबे. संघ: स्पीड स्केटिंग.
कारण: पुढे दीड ओळ मोकळी.
सगळ्यात खाली, पालकाची मोहोर.

मोहोर माझ्या खणात, करंगळीएवढी,
साखर कारखान्याच्या पगारवहीवर उमटून उमटून
एका कडेला झिजलेली.

"का?"
"असंच."
"कुणी काही बोललं?"
"नाही."
"गुडघा?"
"नाही म्हटलं ना, बाबा."

किनुए रात्रपाळीला. इस्पितळातून फोनवर म्हणाली,
"तू पोलिसासारखं विचारतोस.
जरा गप्प बसून विचार."

गप्प बसलो तर मनात हिशेब सुरू झाला:
तीन जोड पाती, पहाटे चारची गाडी,
सहा हिवाळ्यांचं पेट्रोल.
बेरीज होत आली तशी माझी मलाच लाज वाटली.

सोळाव्या वर्षी मी जुदो सोडलं, कुणाला न सांगता.
दोन महिने रोज संध्याकाळी पिशवी घेऊन
तोकाची नदीच्या पुलाखाली बसायचो,
घरी जाताना कोरडा पोशाख नदीत बुडवून पिळायचो,
घामाचा वाटावा म्हणून.
वडिलांना वासावरून कळलं असणार.
नदीला घामाचा वास येत नाही.
ते बोलले नाहीत, मी बोललो नाही,
आणि आता बोलायला ते नाहीत.

गुरुवारी प्राथमिक शाळेच्या मैदानावर
पाणी मारायची माझी पाळी होती.
तिथली सगळी रिंक पालकच करतात, रात्री, नळीनं.
उणे एकोणीस. म्हटलं, "येतेस?"
आली.

थर पातळ हवा. घाईनं जास्त ओतलं
की वर कवच धरतं, आत पोकळ राहतं,
आणि पहिल्याच पोराचा पाय आत जातो.
हे तिला ठाऊक होतं. ती याच मैदानावर उभी राहायला शिकली,
उलटी खुर्ची ढकलत.

नळीकडे बघतच बोलली.
"बर्फ आवडतो मला. वळणही आवडतं.
पण हल्ली वळणावर फक्त कुनिमात्सु सरांचं घड्याळ ऐकू येतं.
शून्य पूर्णांक तीननं हळू,
हेच माझं नाव झालंय."
मग बराच वेळ पाण्याचाच आवाज.
"मी गेले तर तिघींच्या शर्यतीत दोघी उरतात.
वाकाना दोन वर्षं थांबलीये."

जिद्द, अर्ध्यावर, पुढे पस्तावशील:
माझ्याकडे वाक्यं रांगेत उभी होती.
मफलरमध्येच गोठली, बरं झालं.

म्हटलं, "दहा दिवस मनातल्या मनात सोडून दे.
सोडलंय असं समजूनच सरावाला जा.
मग बघ, हलकं वाटतंय की रिकामं.
सुरुवातीला दोन्ही सारखंच लागतं."

"रिकामं वाटलं तर?"

"तर घड्याळाचं सरांशी बोलू. मी येईन.
नको असेन तर गाडीत बसेन."

"आणि वाकाना?"

यावर माझ्याकडे काही नव्हतं. तसंच सांगितलं.
ती हसली नाही, पण नळी माझ्या हातात देऊन
दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली,
बुटाच्या टाचेनं बर्फ वाजवून बघत.

पाणी सोडणं म्हणजे काय काय असू शकतं
याचा विचार मी नळी गुंडाळताना केला.
तिला सांगितला नाही.

घरी येऊन मोहोर उमटवली. झिजलेली कड फिकीच उठली.
तारखेची जागा तशीच ठेवली.

आज सतरावा दिवस. कागद फ्रीजवर, चुंबकाखाली.
ती सरावाला जाते, कधी जात नाही.
कारणाच्या जागी तिनं पेन्सिलीनं काहीतरी लिहून
खोडलंय.
उजेडासमोर धरलं तर वाचता येईल.

धरलेलं नाही.