सात जानेवारी, जेद्दा

सिगेरेदाच्या खोलीत आम्ही नऊ जणी.
दाराच्या फटीला दुमडलेला टॉवेल,
न्हाणीत वॉशिंग मशीन, नुसतं पिळायला लावलेलं.
त्याच्या घरघरीखाली गायचं, एवढंच ठरलेलं.

गाणं कसलं, ओठ हलवणं.
पाच मिनिटांत चावी संपते,
मग ओळ अर्ध्यात गिळायची,
लेताय धावत जाऊन ती पुन्हा फिरवेपर्यंत
बाळ जन्मायचं थांबून राहतं.

तिसऱ्या कडव्याला दार वाजलं.
पुस्तक पिठाच्या डब्यात,
मेणबत्ती कुणाच्या तरी चिमटीत.

खालच्या मजल्यावरची उम्म नायेफ.
"तुमच्याकडे पाणी येतं का?
सकाळपासून टाकी कोरडी आहे म्हणे."

आमच्या मागे मशीन
रिकामं, जिवाच्या आकांतानं फिरत होतं.
कोणीच काही बोललं नाही.
सिगेरेदाच्या हाताला पीठ, तो तिनं पाठीमागे नेला.

म्हातारीनं हवेत नाक ओढलं.
विझलेल्या वातीचा वास
लपवता येत नाही.
मग पायानंच टॉवेल
पुन्हा फटीशी सरकवत म्हणाली,

"एवढे कपडे दिवसा धुवत जा, पोरींनो.
रात्री नायेफचे वडील घरी असतात."