शेवटचा भाग

जपानी मालिकेतला तो बॉक्सर
नऊ भागांत तिला एवढंच म्हणाला:
"जेवलीस का?"
तेही पाठमोरा, दोरीवरच्या उड्या मारता मारता.

तू हसतेस, हर्षला,
बँडेज गुंडाळायला हात पुढे करतेस.
तिकडे तो लढतो, ती जिन्यात उभी.
इकडे दिवाळे गावात, मासळी बाजारामागच्या शेडमध्ये
लढणारी तू,
आणि बादली, स्पंज, टॉवेल घेऊन कोपऱ्यात मी,
मोबाइल दुरुस्तीचं दुकान साडेपाचलाच ओढून घेऊन आलेला.

अठ्ठेचाळीस किलो.
वजनाच्या आदल्या दिवशी
सुकटीच्या वासाकडेसुद्धा तू पाठ करून बसतेस.
तेव्हा मीही जेवत नाही.
सांगत नाही.

वाशीच्या सामन्यात, दुसऱ्या फेरीनंतर
स्टुलावर बसलीस, तोंड उघडलंस,
दातांवरचं रबर माझ्या तळहातावर पडलं,
गरम, लाळेत रक्ताची एक तार.
मी मूठ मिटली.
एक मिनिट असतं तेवढ्यात.
काय काय बोलता आलं असतं.
म्हणालो, "डावा हात खाली येतोय."

हरलीस. डावा हात खालीच येत होता.

आता म्हणतेस, शेवटचा भाग लाव.
मी म्हणतो, रेंज नाही, खाडीकडून वारा आहे.
वाऱ्याचा आणि रेंजचा काय संबंध, तू विचारत नाहीस.
परवाच पाहिलाय मी, दुकानात, शटर खाली करून:
तो जातो. जिना तसाच.

"मीपण पाहिलाय,"
बँडेजचं टोक दातांत धरून तू म्हणतेस,
"आणि वजनाच्या आदल्या दिवशी
तू तरी जेवत जा रे."