निवडणारा

बेळगुंदीच्या तांबड्या मातीत बसून
भैरू रताळी निवडतो.
मोठी एका पोत्यात, मधली दुसऱ्यात,
कुदळ लागलेली बाजूला, घरच्या चुलीसाठी.
चुकत नाही. दिल्लीला माल धाडणारा व्यापारीसुद्धा
त्यानं शिवलेलं पोतं पुन्हा उघडत नाही.
चौतीस वर्षांचा आहे. पैसे मोजताना
वीसच्या पुढं अडखळतो.
आणि बोलायच्या आधी इतका थांबतो
की समोरचाच त्याचं वाक्य पुरं करून
पुढं निघून जातो.

बाबांच्या छातीत दोनदा कळ आली, तेव्हा ठरलं:
जमिनीचा तुकडा, बँकेचं खातं, औषधं,
सगळ्यावर माझी सही.
मी नागरत्ना, धाकटी, कंग्राळीत दिलेली.
भैरूला आम्ही एवढंच सांगितलं,
बेळगावला जायचंय, कुंदा आणू.

बसमध्ये माझं तिकीट शून्य रुपयाचं.
भैरूनं खिशातून आपलं सवलतीचं कार्ड काढलं,
कंडक्टरनं मात्र मला विचारलं,
"हा कुठं उतरणार?"

डीसी ऑफिसातला अर्ज कन्नडमध्ये.
बाबा हटून बसले, मराठीत द्या.
हटून बसण्यातच हयात गेली त्यांची.
एक नोव्हेंबरला दंडावर काळी फीत,
दोनदा हिंडलग्याच्या जेलची भाकरी,
आणि ताटावर, अंथरुणात, एकच वाक्य:
"रेघ मारली त्यांनी. आम्हाला विचारलं कुणी?"

शेवटी शेजारच्या बाकावरच्या पोरीनं
एकेक ओळ मराठीत करून सांगितली.
सदर इसम स्वतःचे निर्णय घेण्यास असमर्थ आहे.
बाबा म्हणाले, हां, बरोबर. कुठं करू सही?

हिरेमठ क्लार्कनं चष्मा कपाळावर नेला.
"हेसरू एनु?"
बाबांना नाही, मला नाही. भैरूला.
मग मोडक्या मराठीत, "तुला काय पायजे?"
मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

पंखा फिरत होता. रांगेतलं कुणी खोकलं.
मला ठाऊक होतं, भैरू कुंदा म्हणणार.
तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला,
रताळ्यावरची माती काढावी तसा.
"पासबुक," म्हणाला. "माझ्या खिशात.
नागी वाचून दाखवंल. सही मी करतो."
आणि बऱ्याच वेळानं,
"माझं मला विचारा की."

बाबांनी पेनाला टोपण लावलं.
त्यांच्या किती सभा ऐकल्या मी,
असे गप्प झालेले पाहिले नव्हते.

अर्ज अजून माझ्या पर्समध्ये आहे, चार घड्यांचा.
फाडलेला नाही.
बाबांच्या छातीचा भरवसा नाही,
आणि बँकेत बसलेला प्रत्येक माणूस
हिरेमठ असेलच असं नाही.
मला भीती वाटते. काल शेतात
तेही भैरूला सांगून टाकलं.

तो थांबला.
मी त्याचं वाक्य पुरं केलं नाही.
बांधावरून एक टेम्पो गेला, धूळ उडाली, बसली.

"पोत्याचं तोंड धर," तो म्हणाला,
"भरतो मी."