मागच्या सीटचा फोम

तुळशीचं लग्न झालं की मी येझदी घरात घेतो.
उंबऱ्याला फळी लावून, बायकोची बोलणी खाऊन
सोप्यात पोत्यावर उभी करतो.
चौऱ्याऐंशीचं मॉडेल.
थंडीत ती माझ्यासारखीच,
उठते, पण लगेच बोलत नाही.

प्लग काढतो. काळा, ओला.
पॉलिश पेपरनं घासतो, तोंडानं फुंकतो.
पॉइंटच्या फटीत जुन्या पोस्टकार्डाचा कोपरा सरकवून बघतो.
फीलर गेज आहे घरात,
पण हाताला पोस्टकार्डाचीच सवय.
सायलेन्सर फाउंड्रीत नेऊन, भट्टीजवळ तापवून ठोकला,
वर्षभराचा कार्बन पडला खाली
चहाच्या चोथ्यासारखा.

यंदा म्हटलं, जरा सुखसोयी करू.
साठीला दोन वर्षं उरलीत,
आणि पहाटे पाचला पंचगंगेच्या पुलावर
धुकं गुडघ्यातून आत शिरतं, ते दुपारपर्यंत निघत नाही.
भट्टीवरचे टाकून दिलेले चामडी मोजे
उसवून, दुहेरी शिवून मुठींवर बसवले.
शेजारचं पोरगं म्हणालं, गाडीला रेड्याचे कान आले.
लेगगार्डला ट्रकच्या मडफ्लॅपचा तुकडा बांधला.
हँडल इंचभर वर घेतलं,
त्याचे ठोकळे उद्यमनगरात लेथवर काढून मिळाले,
पैसे घेईना तो, मग चहा पाजला.

राहिली सीट.
निवासनं कव्हर टराटरा फाडलं.
आत दोन खड्डे. पुढचा माझा,
मागचा डावीकडं कललेला.
"पुढं तीन इंची घालतो, मामा. मागं कोण बसतंय?"

मागं दस्तगीर मुलाणी बसायचा.
एकवीस हिवाळे, उचगावच्या कमानीपासून शिरोलीपर्यंत.
तो मोल्डिंगला, मी फेटलिंगला.
त्याचा मणका सरकलेला, म्हणून तो कलून बसायचा
आणि मी उजवीकडं वजन टाकायचो.
यावर आम्ही कधी बोललो नाही.
थंडीत त्याचे हात माझ्या कोटाच्या खिशात,
म्हणून माझ्या खिशात बारा महिने वाळू.
पेट्रोलचे निम्मे पैसे दर दहा तारखेला
मोजून टाकीवर ठेवायचा,
हातात म्हणून दिले नाहीत.

दसऱ्याला रिटायर झाला.
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
तेव्हापासून पुलावर गाडी उजवीकडं ओढते.
मेकॅनिकनं चाक फिरवून बघितलं, दोरी लावून बघितलं,
म्हणाला, गाडीत काय नाही.

निवास कात्री घेऊन थांबलेला.
"मागं पण तीन इंची," मी म्हणालो,
"आणि डावीकडं अर्धा इंच जादा."
"असं कोण करत नाही, मामा."
"तू कर."

रविवारी, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं
उचगावात गेलो. हॉर्न नाही दिला,
दारात नुसती रेस केली दोनदा.
माकडटोपी घालून आला बाहेर,
आवाज ऐकत उभा राहिला जरा,
मग सीट अंगठ्यानं दाबून बघितली,
मटण घ्यायला गेल्यासारखी.
"कुठं?"
"शियेला. गुऱ्हाळावर. काकवी आणूया."
"काकवीला दोघं लागतात काय?"
आणि बसला.

"कडक हाय लगा."
"बसून बसून मऊ हुतंय."

कमानीखालून निघालो. पुलाच्या अलीकडंच
त्याचे हात खिशात आले, तळाशी चाचपत राहिले.
काय शोधत होता कुणास ठाऊक.
कोट बायकोनं दिवाळीत धुतलाय.

पुलावर धुकं होतं, खाली नदी असावी.
नवीन सीट, नवीन हँडल, रेड्याचे कान,
आणि मागं पूर्वीचंच वजन,
तरी गाडी उजवीकडं ओढतच होती.
मी काही बोललो नाही.
मागनं आवाज आला,
"फोर्कचं तेल बदललंस काय रं?"