शंभरातले तीस

बाहेर शेहेचाळीस. आत, काचेच्या नळीत, पंचावन्न.
मे महिन्यात नागपुरात याहून सोपं काम नाही,
असं हेडाऊ मॅडम म्हणतात
आणि काटा बघायला मला रात्रभर बसवतात.

देवलापारहून मोहाची फुलं आली, सहा गोण्या.
वास असा, की वॉचमन दोनदा डोकावला :
"भट्टी लावून राहिले काय जी?"
नाही बाप्पा. साखर.
फुलातली साखर काढून तिची दुसरी साखर करायची,
जी अंजिरात, मनुक्यात असते चिमूटभर,
कुणाची तरी राहून गेल्यासारखी.

काम जंतूंचं. म्हणजे जंतू वाढवायचे
सदतीस अंशांवर, वेळेवर खाऊ घालून,
आणि मग फोडायचे.
(हे मी घरी सांगत नाही.)
आतलं विकर काढून जेलीच्या गोळ्यांत कोंडायचं,
भिजलेल्या साबुदाण्याएवढ्या.
त्या नळीत भरायच्या. वरून पाक सोडायचा.

माझा बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा.
किनारीचा एक धागा चुकला
तरी लुगडं दिसायला तेच,
आणि दुकानदाराचं बोट बरोबर तिथेच.
विकर तेवढंच करतं :
सहा कार्बनांच्या ओळीत तिसऱ्याचा हात
डावीकडचा उजवीकडे.
बाकी सगळं जागच्या जागी.
जीभ म्हणते, गोड. अंग म्हणतं, कोण हो तुम्ही?
आणि ती चहापाणी न घेता निघून जाते.

पण शंभरातले तीसच.
पुढे जितके इकडून तिकडे
तितकेच तिकडून इकडे.
हात चालू, हिशोब थांबलेला.
मी वहीत लिहिलं होतं : बिघाड.
मॅडम म्हणाल्या, "बिघाड नाही, शालिकराव. समतोल."
मी खोडलं.
खोडलेलं अजून वाचता येतं.

साडेतीनला लाइन गेली.
त्रेपन्न. बावन्न.
उन्हात डोक्याला बांधतो तो दुपट्टा
मी नळीला गुंडाळला, दोन वेढे, वर गाठ,
आणि धरून बसलो,
ताप आलेल्या कुणाला धरावं तसं.
एक्कावन्नवर काटा थांबला.
चार वीसला पंखा फिरला.
वहीत लिहिलं : ३.३० ते ४.२०, दुपट्टा.
मॅडमच्या रिपोर्टात तो आला नाही.

सकाळी दारातच कुंदानं दुपट्टा हुंगला.
"साखर होय," मी म्हटलं.
"सारेच असं म्हणतेत."
मग तिला सगळं सांगितलं, तीसपर्यंत.
तिनं चहा गाळला, चोथा झटकला.
"अन् त्या सत्तरचं काय करता?"
पुन्हा वरून सोडतो.
"त्यातले तीस?"
त्यातले तीस.
ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली,
दूध उतू जाईपर्यंत.