वरच्या मजल्यावर

मार्चअखेरीस आले. दोन बॅगा,
आणि तिच्या काखेत, बाळ धरावं तशी,
मातीची एक बुटकी सुरई.
सी फॉर्म मीच भरला, घरमालकीण म्हणून:
नाव तमाझ. नाव केतेवान. देश जॉर्जिया.
येण्याचे प्रयोजन: द्राक्षे.
आयुक्तालयातला पोरगा म्हणाला,
काकू, द्राक्षं खायला इतक्या लांबून?
म्हटलं, खायला नव्हे रे, छाटायला.

भामरेवहिनींना केतेवान जमेना.
दोन दिवस केतू म्हणाल्या, मग स्वतःच जीभ चावली,
ग्रहाचं नाव कशाला जिन्यात, केतकी म्हणू.
तिला कुणी विचारलं नाही.
ती हसली आणि केतकी झाली,
खालच्या मजल्यापुरती.
रात्री वर तो तिला हाक मारायचा
पूर्ण नावाने, शेवटचा न लांबवत,
मधे एखादी दरी असल्यासारखा.

एप्रिलमध्ये गिरणाऱ्याहून तो उन्हाने सोलून आला.
पायरीवर बसला. हातात अजून कात्री.
मोडक्या हिंदीत म्हणाला, आमची वेल बर्फाखाली झोपते.
वर्षातून एकदाच छाटायची, तीही झोपेत, तिला कळत नाही.
इथे खरड छाटणी. जागेपणी, पानांसकट, चाळीस डिग्रीत.
ऑक्टोबरात पुन्हा.
मग ही झोपते कधी?
मला काय ठाऊक, मी पोस्टात होते तीस वर्षं.
म्हटलं, झोपत नसावी.
तो कितीतरी वेळ स्वतःच्या अंगठ्याकडे बघत बसला.

तिचं निराळं.
तिला अक्रोड हवे होते. वांग्याच्या कापांत
अक्रोडाचं वाटण भरतात म्हणे त्यांच्यात.
मेनरोडला भाव विचारून हात हलवत परत आली.
मी डबाभर दाण्याचा कूट दिला.
पहिल्यांदा फसलं. दुसऱ्यांदा भांडण झालं.
भाषा कळत नाही, भांडण कळतं:
ताट सरकवल्याचा आवाज, मग पंख्याचा,
मग नुसताच पंख्याचा.
तिसऱ्यांदा वाटी घेऊन खाली आली, वर डाळिंबाचे दाणे.
म्हटलं, आमच्याकडे वांग्यावर डाळिंब नाही घालत कुणी.
तशी तिने वही उघडली.
मावशी, आमच्याकडे म्हणजे कोण? तू तर एकटी.

तेव्हा मी तिला दोन रकाने पाडून दिले.
आम्ही म्हणजे तुला सोडून.
आपण म्हणजे तुला धरून.
ती म्हणाली, आमच्यात एकच शब्द, च्वेन.
मग बर्फात कोण कुणाबरोबर आहे, कळतं कसं, मी विचारलं.
ती म्हणाली, बघून.

हे गेले त्याला अकरा वर्षं झाली,
आणि दूधवाल्याला मी अजून सांगते,
आम्ही म्हशीचं घेत नाही.
वाटी विसळून परत देताना हे आठवलं.
त्यात साखर घालून दिली. रिकामी द्यायची नसते.

ऑक्टोबरात गोडी छाटणी सुरू झाली
आणि नेमकं तीन दिवस नळाला पाणी नाही.
सकाळी फाटकापाशी आरडाओरडा, म्हणून बाहेर आले
तर तमाझ, सहा महिन्यांत नमस्कारापलीकडे मराठी न बोललेला,
टँकरवाल्याच्या खिडकीला लटकून ओरडतोय,
पुढे नाही जायचा! आपला पाणी! आपला पाणी नाही!
पाणी नपुंसकलिंगी.
मी सुधारलं नाही.

खालची टाकी भरली. मी मोटर लावली.
वर पाणी चढायला बारा मिनिटं लागतात.
केतेवान सुरई घेऊन उतरली,
भामरेवहिनींनी बादल्या काढल्या,
आणि आम्ही, म्हणजे आपण,
जिन्यात उभे राहून पाइपाला कान लावले.