कानोसा

चिठ्ठीवर लिहिलं होतं: मूल ऐकत नाही.
बालवाडीच्या बाईंची सही, खाली डॉक्टरांचा शिक्का.
नाव दाग्निया. वय पाच.
लिएपायाच्या या दवाखान्यात अशा चिठ्ठ्या येतच असतात
आणि एकोणीस वर्षं मी
लहान कानांत सूर सोडत आलेय.

काचेपलीकडे तिला बसवलं.
म्हटलं, आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा.
टाकला.
सूर हलका केला. टाकला.
आणखी हलका केला,
लोकरीवर लोकर घासावी इतका.
टाकला. माझ्याकडे न बघता,
दाराकडे बघत.

यंत्रावरची रेघ मी दोनदा तपासली.
तेवढ्यात दोन मजले खाली कुणाच्या तरी किल्ल्या वाजल्या.
तिला आधी ऐकू आल्या, मला मग.
ती खुर्चीत होती तशीच बसलेली
आणि खुर्चीत नव्हती.
डोळे उघडे, मुठीत ठोकळा,
ओठांवरचा रंग तेवढा गेलेला.
मी हाक मारली. पुन्हा मारली.
वाटलं, विहिरीत दोर सोडतेय
आणि दोर पुरत नाहीये.

ही पोरगी ऐकायची थांबलीच नव्हती कधी.
पाळण्यापासून कानोसा घेत आली होती:
पावलं जड आहेत की हलकी,
बाटली ठेवली की आपटली,
आई रडायची थांबली ती झोप लागली म्हणून, की.
एवढ्या कामात असलेल्या माणसाला
"चला, रांग करा" कुठून ऐकू यावं?

अहवालात लिहिलं: श्रवण उत्तम.
मग पेन तसंच धरून बसले.
उत्तम खोडलं.
वेल्गाला फोन केला.

वेल्गाच्या खोलीत वाळूची पेटी आहे.
चार महिने दाग्निया दर मंगळवारी
एक लाकडी घोडा वाळूत पुरायची.
वेल्गानं तो कधी उकरला नाही.
म्हणायची, घोडा खाली आहे. मला माहीत आहे.
दुसऱ्या मुलांचे हात लागू नयेत म्हणून
तिनं नवी पेटी करून घेतली, स्वतःच्या पैशांनी.

तरी वेल्गाच सांगते, निम्मं औषध घरचं होतं.
दाग्नियाला ज्यांनी सांभाळायला घेतलं
त्या स्काइद्रीते, तीस वर्षं ट्राम चालवलेल्या.
या शहरात ट्रामचा मार्ग एकच.
त्यांना लाड करता येत नाहीत, गोष्टी सांगता येत नाहीत,
त्या थांबे सांगतात.
आता दार उघडतेय. आता दिवा.
पुढचा थांबा आंघोळ, पाणी कोमट.
मग बिटाचं सूप. मग रात्र.
रात्री मी याच खोलीत, खिडकीपाशी.
घराच्या किल्ल्या त्यांनी फडक्यात गुंडाळून ठेवल्या.

फेब्रुवारीत जिन्यात कुणी दारू पिऊन ओरडलं
आणि सगळं विस्कटलं.
दोन दिवस पोरगी कपाटात.
स्काइद्रीते बाहेर फरशीवर बसून राहिल्या, सुजलेले पाय पसरून.
दोन दिवस एकच थांबा: मी इथे आहे.

एप्रिलात अंगणात तिचा गुडघा फुटला.
याआधीही फुटला होता, तेव्हा तिनं
रक्त बाहीनं पुसलं होतं, गपचूप.
या वेळी ती रडली.
चारही मजल्यांची दारं उघडतील असं भोकाड.
स्काइद्रीतेंनी मला फोन लावला, दवाखान्यात, भर गर्दीच्या वेळी.
म्हणाल्या, ऐकताय ना?
मी म्हटलं, ऐकतेय.
बराच वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

काल पुन्हा चाचणी होती.
सगळ्यात हलके दोन सूर तिनं सोडले.
ठोकळ्यांचं काहीतरी रचत बसली होती,
मी कारण लिहिलं नाही.

निघताना जिन्यात किल्ल्या वाजल्या.
तिनं दाराकडे पाहिलं.
मग स्काइद्रीतेंकडे.
त्या म्हणाल्या, झाडूवाली आहे. पुढचा थांबा, टोपी.
दाग्नियानं डोकं पुढे केलं.